पडवीतली लूना

(जुनी वस्तू पारखून कशी घ्यावी, आणि ती पारखत असताना आपलीही पारख कशी होत असते, हे एका निवृत्त मुख्याध्यापकांनी स्वानुभवावरून या पाठात सांगितले आहे.)

माझा नातू त्या वर्षी सातवीत होता. २०२४ सालच्या दिवाळीच्या सुटीत तो आमच्याकडे साताऱ्यास आला, तो एक सचित्र पुस्तक काखोटीला मारूनच. त्या पुस्तकात जगातील लहान लहान मोटारसायकलींची माहिती होती. आल्या आल्या त्याने ते माझ्यापुढे उघडून ठेवले आणि एकेक चित्र दाखवण्यास आरंभ केला.

पहिले चित्र होते ‘वेलबाइक’चे. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात, १९४२ साली, हवाई छत्रीने उतरणाऱ्या सैनिकांसाठी इंग्रजांनी ही चिमुकली मोटारसायकल तयार केली. तिचे हँडल दुमडले आणि बैठक खाली दाबली, की ती एका लोखंडी नळकांड्यात मावे. मग ते नळकांडे छत्रीला बांधून विमानातून खाली सोडून देत. दुसरे चित्र होते जपानच्या होंडा कंपनीच्या ‘मंकी’ या गाडीचे. १९६१ साली टोकियोजवळच्या एका करमणूक उद्यानासाठी तिचा पहिला नमुना तयार झाला होता. चाके एवढीशी, बैठक बुटकी! तिच्यावर मोठा माणूस बसला, की त्याचे गुडघे वर येत आणि तो माकडासारखा दिसे. म्हणून तिचे नाव ‘मंकी’. अमेरिकेत तर १९६० नंतरच्या दशकात गवत कापण्याच्या यंत्राचे इंजिन एका साध्या नळीच्या सांगाड्यावर बसवून केलेल्या ‘मिनीबाइक’ मुलांच्या फार आवडत्या झाल्या होत्या. आता हौशी लोक अशा जुन्या गाड्या शोधून काढतात, त्यांचा गंज काढतात, हरवलेले भाग मिळवतात आणि त्यांना पुन्हा पहिले रूप देतात.

पुस्तक मिटून नातू म्हणाला, “आजोबा, आपणही अशी एक जुनी मिनीबाइक घेऊन दुरुस्त करू या ना! माझ्या गल्ल्यात चार हजार रुपये साठले आहेत.”

मी हसून म्हणालो, “अरे, या गाड्या आपल्याकडे शोधून सापडणार नाहीत. पण यांची एक चुलत बहीण आपल्याच राज्यात जन्माला आली होती. चल, तुला तिचे चित्र दाखवतो.”

मी कपाटातून एक जुने छायाचित्र काढले. शाळेच्या फाटकापाशी मी उभा आहे, अंगात पांढरा सदरा आहे आणि माझ्या हातात एका लहानशा गाडीचे हँडल आहे. ती गाडी म्हणजे लूना.

मुलांनो, तुमच्यापैकी पुष्कळांनी लूना पाहिलीही नसेल. तुमच्या आजोबांना मात्र तिचे नाव सांगून पाहा. त्यांचा चेहरा खुलेल. हस्तिमल फिरोदिया यांनी स्थापन केलेल्या कायनेटिक इंजिनियरिंग या कंपनीने १९७२ साली ही गाडी बाजारात आणली. अहमदनगर, म्हणजे आताचे अहिल्यानगर, येथील कारखान्यात ती तयार होई. इटलीतील पियाजो कंपनीच्या ‘चाओ’ या गाडीवरून तिचा आराखडा घेतला होता. लूना हा शब्दही इटालियन भाषेतलाच. त्याचा अर्थ चंद्र. तिचे इंजिन पन्नास घन सेंटिमीटरचे, म्हणजे एका लहान पेल्यात मावेल एवढ्या पोटाचे. तिला सायकलसारखी पायडलेही होती. अशा गाडीला ‘मोपेड’ म्हणतात. मोटर आणि पेडल या दोन शब्दांची आद्याक्षरे जुळवून हे नाव झाले आहे. वाटेत पेट्रोल संपले, तर माणूस पायडल मारीत घरी येई. शिक्षक, पोस्टमन, दूधवाले, विमा प्रतिनिधी, छोटे दुकानदार अशा ज्या माणसांना स्कूटर परवडत नसे, त्यांना लूनेने पहिल्यांदा चाकांवर बसवले. २००० सालच्या सुमारास ती निघेनाशी झाली. २०२४ साली त्याच नावाची विजेवर चालणारी गाडी आली. परंतु जुन्या लूनेची ती ‘फट् फट्’ पुन्हा ऐकू आली नाही.

“मग आपण लूनाच घेऊ या!” नातू उत्साहाने म्हणाला.

मी त्याला दोन अटी घातल्या. पहिली अट अशी, की गाडी दुरुस्त झाली तरी ती त्याने रस्त्यावर चालवायची नाही. आपल्या देशाच्या कायद्याप्रमाणे पन्नास घन सेंटिमीटरपर्यंतचे इंजिन असलेली दुचाकी चालवण्यासही सोळा वर्षे पुरी व्हावी लागतात. दुसरी अट अशी, की निदान तीन गाड्या पाहिल्याखेरीज एकही घ्यायची नाही. पहिली अट त्याला जड गेली, दुसरी विचित्र वाटली. पण त्याने दोन्ही मान्य केल्या.

आमच्या पेठेत एक वृद्ध मिस्त्री आहेत. आयुष्यभर त्यांनी लहान गाड्यांची दुरुस्ती केली. त्यांच्याकडे गेलो, तेव्हा ते एक कार्बोरेटर पुशीत बसले होते. आमचा बेत ऐकून त्यांनी नातवाकडे निरखून पाहिले आणि म्हणाले, “बाळ, एक गोष्ट ध्यानात ठेव. गंज दिसतो, त्याला भिऊ नकोस. ताजा रंग दिसतो, त्याला भी.”

मग त्यांनी आम्हांला जुनी गाडी पाहण्याची रीत सांगितली. नातवाने ती वहीत उतरवून घेतली. ती अशी:

गाडी आधी दुरून पाहावी. सांगाडा सरळ आहे काय, दोन्ही चाके एका ओळीत आहेत काय, हे मागे उभे राहून पाहावे. अपघातात वाकलेला सांगाडा पुन्हा सरळ करणे फार कठीण असते. नंतर जवळ जाऊन भाग मोजावेत. गंजलेला भाग घासून वापरता येतो. निदान त्याच्यावरून तसाच दुसरा करून घेता येतो. जो भाग मुळी नाहीच, तो शोधण्यात महिने जातात. तिसरी गोष्ट पेट्रोलच्या टाकीची. झाकण काढून आत विजेरीचा उजेड टाकावा. आतून टाकी सोलवटली असेल, तर तो गंज पुढे इंजिनात जाऊन बसतो. चौथी गोष्ट इंजिनाची. बंद इंजिन हाताने फिरते काय, ते पाहावे. प्लग काढून त्या भोकावर अंगठा धरावा आणि इंजिन फिरवावे. हवेने अंगठा ढकलला, तर दट्ट्या आणि त्याची कडी अजून जीव धरून आहेत असे समजावे. सगळ्यांत शेवटी, पण सगळ्यांत महत्त्वाची गोष्ट कागदांची. सांगाड्यावर आणि इंजिनावर ठोकलेले क्रमांक नोंदणीपुस्तकातल्या क्रमांकांशी अक्षर न् अक्षर जुळले पाहिजेत. न जुळतील, तर फुकट मिळाली तरी ती गाडी घेऊ नये.

निघताना त्यांनी नातवाच्या हातावर एक लहानसा लोहचुंबक ठेवला आणि त्याच्याभोवती फडक्याची चिंधी गुंडाळली. “हा बरोबर असू दे. उपयोगी पडेल,” एवढेच ते बोलले.

त्या रात्री नातवाने हिशेब मांडला. गाडीची किंमत फार तर पंधराशे रुपये. उरलेल्या अडीच हजारांत टायर, ट्यूब, केबली, प्लग आणि रंग. गाडी स्वस्तात मिळाली, तरच हा हिशेब जमणार होता.

पहिली लूना आम्ही शहरातील एका विक्रेत्याकडे पाहिली. लालबुंद, आरशासारखी चकचकीत! नातू तिच्याभोवती तीनदा फिरला. किंमत अठरा हजार होती. पण चौकशी करण्यास पैसे पडत नाहीत. त्याने खिशातून चुंबक काढला आणि चिंधीसकट गाडीवर टेकवून हळूहळू फिरवला. हँडलखाली तो चटकन चिकटला. मागच्या मडगार्डवर मात्र तो निसटून खाली पडला. पुन्हा लावला, पुन्हा पडला.

“आजोबा, इथे लोखंडच नाही!” तो पुटपुटला.

खरोखरच तेथे लोखंड नव्हते. गंजून पडलेली भोके लांबीने बुजवली होती आणि तिच्यावर रंग चढवला होता. लांबी म्हणजे रंगाऱ्याचा लगदा; तिला चुंबक धरीत नाही. मग आम्ही सांगाड्यावरचा क्रमांक पाहिला. तेथे कानस फिरवल्याच्या खुणा होत्या. नोंदणीपुस्तक मागितले, तेव्हा “ते नंतर देऊ” असे उत्तर मिळाले. आम्ही नमस्कार करून बाहेर पडलो. मिस्त्रींच्या बोलण्याचा अर्थ नातवाला आता पुरता कळला होता.

दुसरी लूना एका भंगाराच्या दुकानात सापडली. तिला ना कार्बोरेटर होता, ना पायडले, ना दिवा. ती गाडी नव्हती. गाडीची आठवण होती. आम्ही तीही सोडली.

तिसरी लूना मात्र आम्हांला शोधीत आली म्हणावयास हरकत नाही. माझ्या एका जुन्या विद्यार्थ्याने निरोप पाठवला, की कृष्णाकाठच्या त्याच्या गावी एका घराच्या पडवीत अशी गाडी कित्येक वर्षे पडून आहे. दुसऱ्या दिवशी सकाळच्या एस. टी. ने आम्ही तेथे गेलो.

घर जुने, कौलारू होते. दारी तुळशीवृंदावन होते. घरात एक वृद्ध बाई एकट्याच राहत होत्या. त्यांचे यजमान पोस्टमन होते; त्यांना जाऊन अकरा वर्षे झाली होती. आम्ही येण्याचे कारण सांगितले, तेव्हा बाईंनी आम्हांला पडवीच्या कोपऱ्यात नेले आणि गोणपाट बाजूला केले. धुळीचा लोट उठला. खाली निळसर रंगाची एक लूना उभी होती. टायर भेगाळून गेले होते. दिव्याच्या काचेवर कोळ्याने जाळे विणले होते. चाकांच्या तारा तांबूस झाल्या होत्या.

नातू वही उघडून कामास लागला. तो एकेक गोष्ट तपासत होता आणि मोठ्याने बोलत होता. “टायर गेले. ट्यूबही गेल्या असणार. बैठक फाटली आहे. टाकीत गंज आहे, पण थोडा.” त्याने प्लग काढला आणि इंजिन हाताने फिरवून पाहिले. ते तसूभरही हलेना. “इंजिन जाम आहे!” तो म्हणाला. बाई खांबाला टेकून सारे ऐकत होत्या.

मी भाग मोजले. आश्चर्य असे, की एकही भाग उणा नव्हता. पायडले होती, दिवा होता, बाजूची झाकणे होती; हत्यारांची लहानशी पिशवीसुद्धा जागच्या जागी होती. नातवाने मडगार्डावरून चुंबक फिरवला. तो कोठेही सुटला नाही. गाडीवर दुसऱ्यांदा रंगाचा हात फिरलेलाच नव्हता. क्रमांकाची पाटी जुन्या पद्धतीची, तीन अक्षरांची होती.

बाईंनी आतून एक पत्र्याची पेटी आणली. यजमानांच्या टोपीखाली, एका रुमालात, नोंदणीपुस्तक जपून ठेवलेले होते. क्रमांक जुळले. पहिल्या नोंदणीचे वर्ष होते १९७३. गाडीचे वय एक्कावन्न वर्षे!

ते वर्ष वाचताच माझ्या मनात एक विचार चमकून गेला. २०२१ साली केंद्र सरकारने जुन्या गाड्यांसाठी वेगळे नियम केले आहेत. पहिल्या नोंदणीपासून पन्नास वर्षे उलटून गेलेली आणि मूळ रूपात राखलेली गाडी ‘व्हिंटेज’, म्हणजे जुना ठेवा, म्हणून नोंदवता येते. अशी गाडी रोजच्या कामासाठी वापरता येत नाही. प्रदर्शनासाठी किंवा जुन्या गाड्यांच्या फेरीसाठी मात्र तिला रस्त्यावर नेता येते. हौशी लोक अशा गाडीची चांगली किंमत देतात. मी ही गोष्ट आदल्याच रात्री नातवाला सांगितली होती. आम्ही दोघांनी एकमेकांकडे पाहिले.

“काय द्यावे, ताई?” मी विचारले.

बाई म्हणाल्या, “मी काय सांगणार, गुरुजी? गेल्या महिन्यात भंगारवाला आला होता. वजनावर बाराशे देतो म्हणाला. तुम्ही तेवढेच द्या. पोराच्या हातून काही चांगले होत असेल तर बरेच आहे.”

बाराशे रुपये! नातवाच्या वहीतला हिशेब जसाच्या तसा जमत होता. उलट तीनशे रुपये वाचत होते. मी, मुलांनो, त्या क्षणी गप्प बसलो. खोटे बोलायचे नव्हते. पण खरेही ओठांवर येईना. किंमत त्यांनीच सांगितली आहे, आपण तर ती पाडलीही नाही, अशी मी मनाची समजूत घालू लागलो. सदतीस वर्षे मुलांना सत्याचे धडे देणाऱ्या माणसाची ही गत!

नातू वहीकडे पाहत उभा होता. थोड्या वेळाने तो म्हणाला, “आजी, मी मघाशी गाडीतले दोष तेवढे मोठ्याने बोललो. चांगले होते ते बोललोच नाही.”

“म्हणजे काय रे, बाळा?”

“हिचा एकही भाग हरवलेला नाही. हिला कुणी परत रंग दिलेला नाही. कागद बरोबर आहेत. आणि ही पन्नास वर्षांपेक्षा जुनी आहे, म्हणून हिला भंगारापेक्षा पुष्कळ जास्त किंमत येईल. माझ्याकडे चारच हजार आहेत. पण तुम्ही दुसऱ्या कुणाला विचारून बघा.”

पडवीत क्षणभर शांतता पसरली. माझी मान खाली गेली होती. ती मी वर केली आणि बाईंना सारे नियम नीट समजावून सांगितले. इंजिन जाम असूनही एखादा हौशी माणूस या गाडीचे सहा-सात हजार आनंदाने देईल, हेही सांगितले.

बाईंनी गाडीच्या हँडलवरची धूळ पदराने पुसली. मग त्या म्हणाल्या, “सहा हजार द्या. चार आज, दोन सावकाश. दुसऱ्या कुणाला मी विचारणार नाही. पण एक करायचे. गाडी सुरू झाली, की एकदा इथे आणून मला तिचा आवाज ऐकवायचा. यांची गाडी वेशीपाशी आली, की मला चुलीपाशी कळायचे.”

व्यवहार ठरला. पैसे दिल्याची पावती आम्ही लिहून घेतली, आणि दोन हजार देणे असल्याची चिठ्ठी नातवाने आपल्या हाताने लिहून दिली.

येथे एक गोष्ट सांगितली पाहिजे. गाडीचा मालक हयात नसेल, तर ती घेणाऱ्याच्या नावावर थेट होत नाही. आधी ती वारसाच्या नावावर व्हावी लागते आणि मग खरेदीदाराच्या. त्याप्रमाणे परिवहन कार्यालयात आम्ही पहिला अर्ज बाईंच्या नावाने केला. माझा नातू अज्ञान असल्यामुळे पुढचा अर्ज माझ्या नावाने करावयाचा होता. या कामात चार हेलपाटे झाले; परंतु कागदाविना घेतलेली गाडी म्हणजे पायाविना बांधलेले घर. कागद पुरे होईपर्यंत ती रस्त्यावर चालवायची नाही, असे आम्ही ठरवले आणि तिला टेम्पोत घालून घरी आणले.

खरे बोलल्याची किंमत नातवाला लगेच मोजावी लागली. गल्ला रिकामा झाला होता. टायरला पैसे नव्हते, रंगाला नव्हते. दिवाळीच्या सुटीत गाडी सुरू करण्याचा त्याचा बेत फसला. मी पैसे देऊ केले, तेव्हा तो म्हणाला, “नको, आजोबा. सुटीभर पैसे लागत नाहीत अशीच कामे करू.”

आणि अशी कामे पुष्कळ निघाली. आम्ही प्लगच्या भोकातून इंजिनात पातळ तेल सोडले. पडून राहिलेल्या इंजिनात ओल शिरते आणि दट्ट्याच्या कड्या नळीला गंजाने चिकटून बसतात. तेल झिरपत झिरपत त्या गंजाच्या मुळाशी जाते. बळ करून फिरवावे, तर कडी मोडते. म्हणून रोज तेल घालायचे, रोज हलक्या हाताने हलवून पाहायचे. अकराव्या दिवशी इंजिन बोटभर सरकले. नातवाने इतकी मोठी आरोळी ठोकली, की शेजारी धावत आले! टाकीत रॉकेल आणि मूठभर नट-बोल्ट घालून ती खळखळा हलवली, तेव्हा आतला गंज सुटून बाहेर आला. प्रत्येक भाग काढण्यापूर्वी तो त्याचे चित्र वहीत काढी आणि सुटे स्क्रू नाव लिहिलेल्या डब्यांत ठेवी. त्यामुळे जोडताना एकही स्क्रू उरला नाही.

पुढील सहा महिन्यांत वाढदिवसाचे, सणाचे जे पैसे मिळाले, त्यांतून त्याने आधी बाईंचे दोन हजार फेडले आणि मगच टायर आणले. गाडीला नवा रंग आम्ही दिला नाही. मूळचा निळा रंग धुऊन पुसला. जेथे गेला होता तेथे गेलेलाच ठेवला.

२०२५ सालच्या मे महिन्यात आम्ही ती लूना पुन्हा टेम्पोत घालून त्या गावी नेली. कागदांचे काम अजून पुरे व्हावयाचे होते. अंगणात तुळशीवृंदावनाजवळ तिला घोडीवर चढवली. नातवाने पायडल मारले. एकदा, दोनदा, तीनदा. आणि गाडी सुरू झाली. ‘फट् फट् फट्’ असा आवाज अंगणभर झाला. आळीतली मुले धावत आली.

बाई घरातच होत्या. त्या मुद्दाम चुलीपाशी जाऊन बसल्या होत्या. थोड्या वेळाने त्या बाहेर आल्या. आम्ही उत्सुकतेने त्यांच्या तोंडाकडे पाहू लागलो.

“आवाज तोच आहे,” त्या म्हणाल्या. “धूर मात्र कमी झालाय. हे पेट्रोलमध्ये तेल जरा जास्तच घालायचे.”

मग त्यांनी नातवाच्या हातावर गुळाचा खडा ठेवला.

नातवाला ती गाडी रस्त्यावर चालवण्यास अजून काही वर्षे आहेत. पण तिचा प्रत्येक स्क्रू कोठे बसतो, हे तो डोळे मिटून सांगू शकतो. मिस्त्रींनी दिलेला चुंबक त्याने जपून ठेवला आहे. कधी कधी तो चुंबक पाहिला, की मला त्या पडवीतला क्षण आठवतो. त्या दिवशी गाडी तर पारखली गेलीच. पण तिच्याबरोबर आणखी दोघांची पारख झाली, आणि त्यांतला एकजण थोडक्यात वाचला.

शब्दार्थ

पडवी – घराच्या भिंतीलगतची छपराची जागा.
लांबी – पृष्ठभागावरील खड्डे बुजवण्यासाठी रंगारी वापरतात तो लगदा.
दट्ट्या – इंजिनाच्या नळीत पुढेमागे सरकणारा भाग.
कानस – धातू घासण्याचे हत्यार.
घोडी – दुचाकी उभी करण्याचा आधार.
अज्ञान – (येथे) कायद्याने सज्ञान न झालेला.
तसूभर – अगदी थोडे.
हेलपाटा – व्यर्थ किंवा त्रासाची फेरी.

स्वाध्याय

१. एका वाक्यात उत्तरे लिहा.
(अ) ‘मोपेड’ हे नाव कसे तयार झाले?
(आ) पहिल्या गाडीच्या मडगार्डवरून चुंबक का निसटला?
(इ) बाईंनी गाडी देताना कोणती अट घातली?

२. चार-पाच वाक्यांत उत्तरे लिहा.
(अ) जुनी गाडी घेताना कोणकोणत्या गोष्टी पाहाव्यात, असे मिस्त्रींनी सांगितले?
(आ) जाम झालेले इंजिन आजोबांनी आणि नातवाने कसे मोकळे केले? त्यांनी बळ का वापरले नाही?
(इ) दुसरी गाडी स्वस्त असूनही त्यांनी ती का सोडली असेल?

३. विचार करा व लिहा.
(अ) “मी मघाशी गाडीतले दोष तेवढे मोठ्याने बोललो.” नातवाला हे सांगावेसे का वाटले? तो काहीच बोलला नसता, तर ते खोटे बोलणे झाले असते काय?
(आ) पाठाच्या शेवटी ‘थोडक्यात वाचला’ असे लेखक कोणाविषयी म्हणतात?

४. पुढील वाक्प्रचारांचा आपल्या वाक्यांत उपयोग करा.
काखोटीला मारणे, मनाची समजूत घालणे, मान खाली जाणे, चेहरा खुलणे.

५. उपक्रम
तुमच्या घरातील एखादी जुनी, बंद पडलेली वस्तू पाहा. मोठ्या माणसांच्या परवानगीने ती तपासून तिच्या गुणांची व दोषांची दोन रकान्यांत यादी करा. ती वस्तू घरात कोणी, केव्हा आणली, हे विचारून दहा ओळी लिहा.